दुकानाच्या नेटवर्कची वेस : राऊटरचा कोणता दरवाजा कोणासाठी?

आपल्या जिल्ह्यातील व्यापाराची घडी गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदलली आहे. बीडचा कापडबाजार असो, माजलगावची आडत असो की गेवराईची जिनिंग असो, गादीवर वहीच्या शेजारी संगणक येऊन बसला आहे. ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याला व्यापाऱ्याने द्यावयाचे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवूनच द्यावे लागते. परराज्यात ५० हजार रुपयांवरील माल पाठवावयाचा तर ई-वे बिलावाचून ट्रक हलत नाही. थोडक्यात सांगावयाचे तर इंटरनेट गेले की धंदा अडतो, आणि असे असूनही ज्या पेटीतून हे इंटरनेट दुकानात शिरते त्या पेटीकडे आपल्यापैकी फार थोड्यांचे लक्ष असते. केबल ओढणारा मुलगा येतो, पेटी भिंतीवर ठोकतो, चार दिवे लागलेले दाखवतो आणि निघून जातो. त्याने आत काय लिहून ठेवले हे मालकाला माहीत नसते. पुष्कळदा त्या मुलालाही आठवत नसते.

आमच्या परिचयाच्या एका कापड दुकानदारांकडे ईदच्या आठ दिवस आधी घडलेली गोष्ट आहे. दुकानात तीन संगणकांवर बिले बनत होती. मागच्या गोदामात मोबाइलला इंटरनेट मिळत नाही म्हणून पुतण्याने घरचा जुना राऊटर आणून गोदामात लावला आणि दुकानातल्या राऊटरची एक केबल त्याच्या पहिल्या रिकाम्या भोकात खुपसली. गोदामात वायफाय आले. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू केले तेव्हा तीनपैकी दोन संगणकांना ना हिशेबाचा मुख्य संगणक सापडेना, ना प्रिंटर. गिऱ्हाईक दारात. बोलावलेला कारागीर म्हणाला, "चाचा, राऊटर गेला. नवा घ्यावा लागेल." चाचांनी नवा घेतला. तरीही तेच! दुपारी तीन वाजेपर्यंत बिले हाताने लिहावी लागली आणि त्यातली काही नंतर संगणकात चढवताना राहून गेली ती राहिलीच. जुन्या राऊटरमध्ये बिघाड असा काही नव्हताच. एका वस्तीत दोन कारकून पत्ते वाटायला बसले होते, एवढेच काय ते झाले होते. हे कसे, ते पुढे येईलच.

हा लेख संगणकाच्या जाणकारांसाठी नाही. ज्यांच्या पैशाने ही पेटी विकत घेतली जाते त्यांच्यासाठी आहे.

वेस आणि जकात नाका

बीड शहरात कोतवाली वेस, राजुरी वेस ही नावे आजही पत्त्यात चालतात. वेस म्हणजे गावाचे तोंड. आतला माल बाहेर जाणार तो वेशीतून, बाहेरचा आत येणार तो वेशीतून. इंग्रजीत गेटवे म्हणतात तो हाच. दुकानातील सर्व संगणक, प्रिंटर, कॅमेरे आणि मोबाइल हे गाव, इंटरनेट हा बाहेरचा मुलूख, आणि राऊटर ही वेस.

राऊटरच्या पाठीमागे केबल लावण्याची जी भोके असतात त्यांना पोर्ट म्हणतात. पण पोर्ट हे नुसते भोक आहे. त्या भोकाला एक पत्ता दिला, त्याच्या पलीकडे कोणती वस्ती आहे हे राऊटरला सांगितले आणि कोणाला जाऊ द्यावयाचे, कोणाला अडवावयाचे हा नियम लावला, म्हणजे त्याचा इंटरफेस होतो. आम्ही त्याला सरळ दरवाजा म्हणू. वायफाय हाही एक दरवाजाच आहे, जरी त्याला भोक नसले तरी. बाहेरच्या मुलखाकडे तोंड असलेल्या दरवाजाला वॅन म्हणतात आणि आतल्या वस्तीकडे तोंड असलेल्याला लॅन. पुतण्याची चूक इथे झाली. त्याने केबल घरच्या राऊटरच्या लॅनच्या भोकात लावली. त्यामुळे तो राऊटर वेस न राहता दुकानाच्या वस्तीतच येऊन बसला.

आता पत्त्यांविषयी. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता लागतो. हा पत्ता चार आकड्यांचा असतो आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यानचा. असे एकंदर सुमारे ४३० कोटी पत्ते होतात. जगाची गरज त्याहून मोठी निघाली. २०११ च्या फेब्रुवारीत या पत्त्यांचा जागतिक साठा वाटून संपला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशियाच्या वाट्याचाही शेवटचा गठ्ठा फुटला. हे होणार याची जाणीव जाणकारांना आधीच होती. म्हणून काही पत्ते केवळ घरातल्या वापरासाठी राखून ठेवले गेले. १९९६ मध्ये त्याचा नियम पक्का झाला. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे पत्ते हे ते खासगी पत्ते. तुमच्या दुकानातला १९२.१६८.१.५ आणि अंबाजोगाईच्या दुसऱ्या एखाद्या दुकानातला १९२.१६८.१.५ यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. प्रत्येक गावात एक गांधी चौक असावा, तसे हे आहे.

मग खासगी पत्त्याचा संगणक बाहेरच्या जगाशी बोलतो कसा? जुन्या व्यापाऱ्यांना जकात नाका आठवत असेल. राऊटर नाक्यावरच्या कारकुनासारखा आवक-जावक वही ठेवतो. आतून एक मागणी बाहेर निघाली की तो वहीत लिहितो : अमुक संगणकाने, अमुक ठिकाणी, अमुक वेळी. आणि मागणीवर आतला पत्ता खोडून दुकानाचा बाहेरचा एकच पत्ता घालतो. उत्तर आले की वही बघतो आणि ज्याचे त्याला पोहोचवतो. जे वहीत नाही ते आत येत नाही. याला नॅट म्हणतात. यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. एक, बाहेरचा कोणी आपणहून आत येऊ शकत नाही, जोवर आपण तशी वाट करून देत नाही. दुसरी, आतून कोणीही काहीही केले तरी बाहेर नाव लागते ते तुमच्या एका पत्त्याचे.

ही दुसरी गोष्ट किती महाग पडू शकते याचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यापूर्वी काही मिनिटे वृत्तसंस्थांना धमकीचा ई-मेल गेला होता. पोलिसांनी पत्त्याचा माग काढला तेव्हा तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका इमारतीत राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाच्या घरी पोहोचला. त्यांचे वायफाय नीट बंदिस्त नव्हते; ई-मेल दुसऱ्याच कोणी त्या वायफायवरून धाडला होता. तरीही त्या गृहस्थांची अनेक दिवस चौकशी झाली. परदेशी नागरिक असून ही गत. दुकानाच्या पाटीवर "फ्री वायफाय" लिहून पासवर्ड कागदावर चिकटवणाऱ्या आपल्या बांधवांनी हे वाचून क्षणभर थांबावे असे आम्हाला वाटते. अशा चौकशीत आपल्या नावाच्या माणसाला किती दिवस लागतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

बाहेरचा दरवाजा

बाहेरच्या दरवाजाला पत्ता मिळण्याच्या तीन रीती आहेत. इंटरनेट देणाऱ्या कंपनीने आपणहून पत्ता द्यावा ही एक. कंपनीने पक्का पत्ता लिहून द्यावा आणि आपण तो राऊटरमध्ये भरावा ही दुसरी. यासाठी बहुधा वेगळे पैसे पडतात. तिसरी रीत नाव आणि पासवर्ड देऊन आत शिरण्याची, तिला पीपीपीओई म्हणतात. फायबरच्या जोडणीत ती पुष्कळ ठिकाणी आढळते. तुमची रीत कोणती, आणि तिसरी असेल तर नाव व पासवर्ड काय, हे जोडणीच्या दिवशीच लिहून घ्यावे. राऊटर जळाल्यावर रविवारी हा पासवर्ड मिळवणे किती कठीण असते, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक.

पीपीपीओईचा एक खोडसाळपणा सांगून ठेवतो. साधारणपणे एका वेळी १५०० बाइटचे पुडके जाते. या रीतीत त्यातले ८ बाइट वेष्टनातच जातात आणि मालाला १४९२ उरतात. राऊटरच्या बाहेरच्या दरवाजावर एमटीयू म्हणून जो आकडा असतो तो १५०० च राहिला, तर काही संकेतस्थळे उघडतात आणि काही नुसती फिरत राहतात. बँक उघडते, जीएसटीचे पोर्टल अर्ध्यावर अडकते. लोक पोर्टलला दोष देतात. पोर्टलचा दोष पुष्कळदा असतोही, पण एकदा हा आकडा पाहून घ्यावा.

दुसरी अडचण याहून अधिक आढळते. कंपनीने दिलेला मोडेम स्वतःच राऊटर असतो आणि त्याचा आतला पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो. आपण बाजारातून आणलेल्या राऊटरचाही आतला पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दोन्ही एकच निघाले तर आपल्या राऊटरच्या बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही दरवाजांपलीकडे एकाच नावाची वस्ती होते. टपाल कुठे टाकावयाचे ते त्याला कळत नाही आणि इंटरनेट चालत नाही. उपाय सोपा आहे. आपल्या राऊटरचा आतला पत्ता बदलून १९२.१६८.१०.१ करावा. एका ओळीचे काम आहे, पण ते माहीत नसल्यामुळे चांगले राऊटर भंगारात गेलेले आम्ही पाहिले आहेत.

बाहेरच्या दरवाजाला मिळालेला पत्ताही एकदा पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर कंपनीने शेकडो गिऱ्हाइकांना मिळून एकच खरा पत्ता दिला आहे असे समजावे. ही सोय २०१२ मध्ये मुद्दाम काढली गेली. बिले बनवण्याला, पैसे भरण्याला यात काही अडचण नाही. मात्र बाहेरून दुकानात येणारी वाट, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग, या जोडणीवर चालणार नाही, कारागीर कितीही खटपट करो.

आतल्या वस्त्या

गावात पेठा असतात तशा राऊटरच्या आतही कराव्या लागतात, आणि धंद्याच्या दृष्टीने सर्वात मोलाचे काम हेच आहे. साध्या दुकानाला तीन पेठा पुरतात. हिशेबाचे संगणक आणि प्रिंटर यांची एक, तिला १९२.१६८.१० ही वस्ती द्यावी. कॅमेरे आणि त्यांचे रेकॉर्डिंग करणारी डीव्हीआर पेटी यांची दुसरी, १९२.१६८.२०. नोकरांचे व पाहुण्यांचे मोबाइल यांची तिसरी, १९२.१६८.३०. प्रत्येक पेठेत राऊटरचा स्वतःचा पत्ता शेवटी १ लावून ठेवावा, म्हणजे लक्षात राहतो. पत्त्याबरोबर मास्क नावाचा दुसरा आकडा मागितला जातो, तिथे २५५.२५५.२५५.० भरावे. त्याचा अर्थ इतकाच की पहिले तीन आकडे पेठेचे नाव आणि चौथा आकडा घराचा क्रमांक. एका पेठेत अशी २५४ घरे मावतात, दुकानाला पुरून उरतात. हे सर्व आकडे राऊटरमध्ये इंग्रजी अंकांतच टाइप करावेत हे सांगणे नलगे.

घरांचे क्रमांक वाटणाऱ्या कारकुनाला डीएचसीपी म्हणतात. संगणक सुरू झाला की तो ओरडून विचारतो, "मला पत्ता कोण देतो?" आणि जो पहिला उत्तर देईल त्याचे मानतो. एका पेठेत असा कारकून एकच असावा. पुतण्याच्या राऊटरमध्येही कारकून बसलेला होता. त्याने दोन संगणकांना आधी गाठून दुसऱ्याच पेठेचे पत्ते आणि स्वतःचीच वेस सांगितली. तिसरा संगणक जुन्या कारकुनाच्या हाती लागला म्हणून चालत राहिला. नवा राऊटर आणूनही दुखणे गेले नाही, कारण दुखणे गोदामात होते. जुना राऊटर केवळ वायफायसाठी वापरावयाचा असेल तर त्यातला डीएचसीपी बंद करावा आणि त्याचा पत्ता बदलून आपल्याच पेठेतला मोकळा क्रमांक द्यावा. मग तो निरुपद्रवी आहे.

कारकुनाला वाटावयाला १०० ते १९९ हे क्रमांक द्यावेत आणि त्याखालचे आपल्या हाती राखावेत. मुख्य हिशेबाचा संगणक ११, प्रिंटर २०, असे पक्के ठरवून द्यावे. प्रिंटरला पत्ता पक्का नसला तर वीज जाऊन आल्यावर त्याला नवा क्रमांक मिळतो आणि संगणक जुन्या घरी कागद धाडत बसतो. आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे सांगावयास नको.

एकाच केबलवरून तिन्ही पेठा न्यावयाच्या असतील तर व्हीलॅनची सोय लागते. एका ट्रकमध्ये तीन व्यापाऱ्यांच्या गाठी, प्रत्येकाच्या गाठीवर वेगळा शिक्का, तसा हा प्रकार. शिक्का ओळखणारा राऊटर आणि स्विच दोन्ही लागतात. स्वस्तातला स्विच शिक्का ओळखत नाही. दुकान लहान असेल तर राऊटरच्या वेगवेगळ्या भोकांना वेगवेगळ्या पेठा नेमून द्याव्यात. तेही जमत नसेल, राऊटर अगदी साधा असेल, तर निदान त्यातले पाहुण्यांचे वायफाय चालू करून नोकर-गिऱ्हाइकांना तेच द्यावे आणि तिथे स्थानिक नेटवर्क दिसू देण्याची खूण असेल ती काढून टाकावी.

आता ज्यावर भलेभले फसतात ती गोष्ट. पेठा वेगळ्या केल्या म्हणजे मधे भिंत उभी राहिली असे नाही! व्यापारी वापरासाठीचे पुष्कळसे राऊटर स्वभावतःच एका दरवाजातून आलेले दुसऱ्या दरवाजाकडे पोहोचवून देतात. पोहोचवणे हेच तर त्यांचे काम. भिंत फायरवॉलच्या नियमांनी बांधावी लागते. नियम साधे आहेत. हिशेबाच्या पेठेतून कॅमेऱ्यांकडे जाता यावे, कारण मालकाला गादीवर बसून गोदाम पाहावयाचे असते. कॅमेऱ्यांकडून हिशेबाकडे येता येऊ नये. पाहुण्यांच्या पेठेतून फक्त बाहेर जाता यावे, इतर कुठेही नाही. राऊटरच्या सेटिंगच्या पानापर्यंतही नाही. नियमांची उतरंडही पाहावी, कारण राऊटर वरून खाली वाचतो आणि पहिला लागू पडणारा नियम पाळून थांबतो. वर "सर्वांना जाऊ द्या" असे लिहिलेले असेल तर खालचे दहा नियम वाया.

काम झाल्यावर कारागिराच्या शब्दावर न थांबता स्वतः पारख करावी. पाहुण्यांच्या वायफायवर मोबाइल जोडून त्यात १९२.१६८.१०.१ उघडून पाहावे. राऊटरचे पान आले तर भिंत नाही. पाच मिनिटांचे काम आहे आणि मजुरी देण्याआधी करावयाचे आहे.

येथे एक खुलासा. पाहुण्यांची पेठ वेगळी केल्याने हिशेब सुरक्षित होतो, परंतु बाहेर नाव तुमच्याच पत्त्याचे लागते. म्हणून अनोळखी माणसाला वायफाय देऊच नये, आणि द्यावयाचे असेल तर पासवर्ड दर आठवड्याला बदलावा.

कॅमेऱ्याची वाट

घरी बसून मोबाइलवर दुकान दिसावे अशी हौस प्रत्येकालाच असते आणि त्यात गैर काही नाही. पण ती हौस पुरवण्यासाठी कारागीर बहुधा राऊटरमध्ये बाहेरून डीव्हीआरपर्यंत एक कायमची वाट पाडून देतो आणि डीव्हीआरचा पासवर्ड कारखान्यातून आलेला तसाच ठेवतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील असेच कॅमेरे आणि डीव्हीआर कारखान्याच्या पासवर्डांची यादी वापरून ताब्यात घेतले, आणि त्यांच्या जोरावर त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अमेरिकेतील एका मोठ्या सेवेवर असा भडिमार केला की ट्विटरसारखी संकेतस्थळे काही तास अनेकांना उघडेनात. कॅमेऱ्यांच्या मालकांना याची गंधवार्ता नव्हती. त्यांचे कॅमेरे नेहमीप्रमाणे चालू होते.

तेव्हा वाट पाडू नये. पाडलेली असेल तर बुजवावी. राऊटरमध्ये यूपीएनपी नावाची सोय असते. तिच्यामुळे आतले यंत्र मालकाला न विचारता स्वतःच वाट पाडून घेते. ती बंद करावी. बाहेरून राऊटरची सेटिंग बदलण्याची सोयही बंद असावी. कॅमेरे पाहण्यासाठी कंपनीचे अॅप वापरावे, किंवा राऊटरमध्ये व्हीपीएनची सोय असेल तर ती लावून घ्यावी. दोन्हींत डीव्हीआरचा पासवर्ड आधी बदललेला असला पाहिजे.

दुसरी वाट

धुळे-सोलापूर महामार्गालगत किंवा शहरात नालीसाठी खोदकाम निघाले की फायबर तुटते, हा आपला नेहमीचा अनुभव. ट्रकमध्ये गाठी भरून झाल्या आहेत, चालक घाई करतो आहे आणि ई-वे बिल निघत नाही, हा प्रसंग ज्यांच्यावर आला त्यांनी दुसरी जोडणी घ्यावी. मात्र दुसऱ्या कंपनीची फायबर त्याच खांबांवरून येत असेल तर उपयोग नाही. एकाच जेसीबीने दोन्ही जातील. दुसरी जोडणी मोबाइलच्या सिमवर चालणारी असावी.

राऊटरमध्ये अशा वेळी बाहेरचे दोन दरवाजे होतात. कोणता आधी वापरावा हे मेट्रिक किंवा डिस्टन्स नावाच्या आकड्याने ठरते. ज्याचा आकडा लहान त्याचा मान पहिला. फायबरला १ आणि सिमला २ द्यावा. पण एवढ्याने भागत नाही. फायबर रस्त्यावर तुटली तरी मोडेम दुकानात चालूच असतो, त्याची राऊटरला लावलेली केबलही शाबूत असते; राऊटरला वाटते पहिली वाट ठीक आहे. म्हणून राऊटरने मोडेमची नव्हे, तर दूरच्या एखाद्या पत्त्याची, जसे ८.८.८.८, दर काही सेकंदांनी विचारपूस करावी आणि उत्तर न आल्यास सिमकडे वळावे, अशी सेटिंग लावून घ्यावी. तिची पारख करताना मोडेम ते राऊटर ही केबल काढू नये. मोडेममध्ये येणारी फायबर हलक्या हाताने काढून पाहावे. केबल काढली तर राऊटरला लगेच कळते आणि परीक्षा सोपी होऊन जाते.

आणि दोन्ही वाटा बंद झाल्या तर? ३० ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या जिल्ह्यात जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि इंटरनेटही बंद ठेवण्यात आले. अशा वेळी दुसरी जोडणी कामाची नाही. पण दुकानातली आतली वस्ती इंटरनेटवाचून चालते, ही गोष्ट पुष्कळांना त्या वेळीही माहीत नव्हती. मुख्य संगणक आणि इतर संगणक एकाच पेठेत असतील, त्यांचे पत्ते पक्के असतील आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर दुकानातल्याच संगणकावर असेल, तर हिशेब लिहिला जातो, स्टॉक दिसतो, प्रिंटर छापतो, कॅमेरे रेकॉर्डिंग करतात. बाहेर जाणारी कामे तेवढी थांबतात. ज्यांनी प्रिंटरपासून हिशेबापर्यंत सारे काही इंटरनेटवरच टाकून ठेवले आहे त्यांनी याचा विचार करावा.

थोडे तारांविषयी

तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंतच चालते. तिच्यात आठ तारा असतात. वेगवान जोडणीला आठही लागतात, जुन्या १०० मेगाबिटच्या जोडणीला चार पुरतात. म्हणून एखादी तार क्लिपमध्ये नीट बसली नाही तर केबल बंद पडत नाही, मुकाट्याने मंद होते. राऊटरच्या इंटरफेसच्या पानावर त्या दरवाजाचा वेग लिहिलेला असतो; १००० च्या जागी १०० दिसला तर आधी क्लिप बदलावी. दुकान आणि गोदाम वेगळ्या इमारतीत असतील तर मधे तांब्याची केबल टांगू नये. मृगाच्या आधीचे वळीव विजांसकट येतात आणि त्या केबलवरून झटका आत शिरून राऊटर, स्विच, संगणक एकदमच जातात. फायबरमधून वीज वाहत नाही. दोन्ही टोकांच्या पेट्यांसह तिचा खर्च एका संगणकापेक्षा कमीच येतो. राऊटर आणि मोडेम यांना मिळून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा.

शेवटी वहीचे काम. कोणत्या भोकात कोणती केबल, कोणत्या पेठेला कोणता पत्ता, पीपीपीओईचे नाव व पासवर्ड, राऊटरचा पासवर्ड, हे सर्व एका पानावर मालकाने स्वतःच्या हाताने लिहून ते पान तिजोरीत ठेवावे. केबलींना दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावाव्यात. सेटिंग पक्की झाल्यावर राऊटरमधून तिची एक फाइल काढून घेता येते. ती पेन ड्राइव्हवर घालून त्याच पानाबरोबर ठेवावी. त्याच जातीचा नवा राऊटर आणला तर ती फाइल चढवून दहा मिनिटांत दुकान पूर्ववत होते. नोकर किंवा कारागीर बदलला की राऊटरचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा आणि पानावर जुना खोडून नवा लिहावा. कोणतीही सेटिंग बदलावयाची असेल तर ती दुकान बंद झाल्यावर. ईदच्या, दिवाळीच्या किंवा कापसाच्या हंगामात तर मुळीच नाही.